बिलांची फाईल

जुनी गाडी विकायला काढली की खानदेशात पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ दुसरा, ‘गॅस किट बसेल का?’ तिसरा प्रश्न नसतोच, एकदम ‘फायनल किती?’ माझी मित्सुबिशी सेडिया स्पोर्ट्‌स विकायला निघाली आणि ही उत्तरं देऊन देऊन मी थकलो. शेवटी दुकानातला पोऱ्याच फोन उचलून सांगायला लागला, “गावात नऊ-दहा देते, गॅस बसवू नका, भाव शेठशी बोला.”

विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. धुळ्याहून दोंडाईच्याला किंवा साक्रीला रोजची ये-जा असलेल्या माणसाला दोन लिटरचं पेट्रोल इंजिन परवडणार कसं? त्यात आमच्याकडे गाडी म्हणजे सगळ्या भाऊबंदकीची. आखाजीला बहिणीला आणायची, कापसाच्या पट्टीला जायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं. या हिशेबात मूळ उंचीपेक्षा चार बोटं खाली उतरवलेली लाल गाडी कुठेच बसत नाही. कुणीतरी लग्नात नवरदेवासाठी भाड्याने मागितली होती, तेवढीच काय ती तिची सार्वजनिक उपयुक्तता.

ज्यांना सेडिया आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही गाडी आपल्याकडे २००६ मध्ये आली. हिंदुस्तान मोटर्सच्या चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात ती जुळवली जायची. १९९९ सीसी, ११५ अश्वशक्ती. मागच्या चाकांना मल्टी-लिंक सस्पेन्शन, म्हणजे वळणावर गाडीचा मागचा भाग शहाण्यासारखा पुढच्याच्या मागे येतो. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन ही जी रॅलीवाली दंतकथा आहे, तिच्या सातव्या ते नवव्या पिढीचा सांगाडा याच घराण्यातला. त्याआधीच्या इव्होंवर टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं अजिंक्यपद घेतलं होतं. आपल्याकडच्या रॅल्यांमध्येही सेडिया बरीच वर्षं धुरळा उडवत होती, गौरव गिलसारखा चालक तिच्यावर जिंकत होता. आम्ही धुळ्यात बसून हे सगळं मासिकांतून वाचायचो आणि अवधानच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्याकडे वेगळ्या नजरेने बघायचो.

शुद्धतावादी म्हणतील, ही कसली स्पोर्ट्‌स कार, चार दारांची सेडान ती. खरं आहे. पण खरी जपानी स्पोर्ट्‌स कार जुन्यात आणायची म्हटली तर आपला आयातीचा नियम आडवा येतो. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यावर जबर शुल्क. म्हणजे नव्वदच्या दशकातली स्कायलाइन किंवा सुप्रा खानदेशात येण्याचा रस्ताच नाही. अमेरिकेत याच्या उलट नियम आहे. तिथे पंचवीस वर्षांची झाली की बाहेरची गाडी सुखाने आणता येते, त्यामुळे या जुन्या जपानी गाड्यांचे भाव तिथे वयाबरोबर चढत जातात. आम्हाला जे मिळालं त्यातून आम्ही आपली स्पोर्ट्‌स कार घडवली.

घडवली म्हणजे काय केलं, तर डोळ्यांत भरणारं फार थोडं. स्टिकर नाहीत, मागे शेपटीसारखा पंखा नाही. खाली लोअरिंग स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉकअप, मागच्या बाजूला जाडसर स्टॅबिलायझर बार, चांगले ब्रेक पॅड, हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर काढणाऱ्या खास नळ्या, आणि मोकळ्या श्वासाचा सायलेन्सर. पण ज्या बदलाचा मला खरा अभिमान आहे, तो बॉनेट उघडूनही पटकन दिसत नाही. तो म्हणजे थंड करण्याची सगळी व्यवस्था.

खानदेशच्या उन्हात ही गोष्ट इतर कशाहीपेक्षा मोठी आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, धुळ्यात त्याहून किंचित कमी, पण डांबर दोन्हीकडे सारखंच वितळतं. हेडर लावले की बॉनेटखाली उष्णता वाढते. त्यात आमच्याकडे एक वाईट खोड आहे, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची. माझा धंदा मोटार-पंपांचा, त्यामुळे हे पाणी काय करतं ते मी रोज बघतो. ठिबकच्या नळ्यांना याच क्षारांपायी ॲसिड द्यावं लागतं, पंपाचे इम्पेलर पांढरे होऊन येतात. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच थर बसतो आणि मग ऐन घाटात गाडी उकळते. लोक दोष इंजिनाला देतात. माझ्या गाडीत मोठं ॲल्युमिनियमचं रेडिएटर होतं, पंख्यांना वेगळी रिले होती, आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्याशिवाय कधी कालवलं नाही. भर दुपारी बिजासनचा घाट चढताना ट्रक बाजूला घेऊन ड्रायव्हर बॉनेट उघडून उभे असायचे आणि माझा काटा मधल्या रेघेवर ढिम्म असायचा. बाकीचे बदल मजेसाठी होते, हा मात्र आमच्या मातीचा होता.

हे सगळं ज्यांच्या हातून झालं ते उस्ताद आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत बसतात. त्यांच्याकडे लिफ्ट नाही, खड्डा आहे. संगणक नाही, पण कानाला लावायचा लांब स्क्रूड्रायव्हर आहे. टायमिंग बेल्ट ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलायचा, “धूळ देखी क्या यहाँ की?” हे त्यांचं कारण. मित्सुबिशीच्या सेडान आपल्याकडे बंद झाल्यावर सुटे भाग मिळवणं हा एक वेगळाच उद्योग झाला. लोअर आर्म चेन्नईहून, इंजिन माउंटिंग कोइमतूरहून, एखादं सील कुर्ल्याच्या बाजारातून. प्रत्येक वस्तूचं बिल मी फाईलला लावत गेलो. फाईल इतकी जाडजूड झाली की तिला दोरी बांधावी लागली.

विकायची मग कशाला, हा प्रश्न घरच्यांनी सोडून सगळ्यांनी विचारला. गाडी चालत नव्हती, हे त्याचं उत्तर. बिघडली म्हणून नाही, मला वेळ होत नव्हता म्हणून. आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर संपते. सील वाळतात, टायर एका जागी चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या मी बदलून घेतल्या, पण महिनोन्‌महिने उभ्या टाकीत ते ठेवायचं म्हणजे डोक्याला घोर. वरून गोदामातले उंदीर. वायरिंगची चव त्यांना एकदा लागली की ते मुक्कामालाच येतात. तिचं आच्छादन काढायचं, सुरू करायची, गल्लीत एक चक्कर मारायची, पुन्हा झाकायची. ज्या वस्तूवर प्रेम आहे तिची अशी रखवालदारी करण्यात मला काही राम वाटेना.

मग भावाची गोष्ट निघाली.

गाडीबाजारातला एक जुना जाणता बघायला आला. त्याने फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का ते पाहिलं, दारांच्या कडांवरून बोट फिरवलं, खाली वाकून सायलेन्सर पाहिला आणि आकडा सांगितला. तो ऐकून मी त्याला चहा परत पाजला. बिलांची फाईल पुढे केली तर त्याने उघडलीही नाही. “भाऊ, तुमची गाडी सांभाळलेली आहे हे मला दिसतंय,” तो म्हणाला. “पण मी उभी केल्यावर माझ्या गिऱ्हाइकाला दिसणार नाही. खाली केलेली, आवाज वाढवलेली गाडी म्हणजे पोराटोरांनी ताणलेली, असंच तो धरून चालणार. दहापैकी आठ तशाच असतात. मी तुमच्या दोनसाठी भाव कसा लावू?” त्याच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. मीही दुसऱ्याची अशी गाडी पाहिली असती तर हेच म्हणालो असतो.

विम्याच्या कागदावरही हीच गंमत आहे. गाडीची विमा-किंमत ठरवायचा घसाऱ्याचा तक्ता असतो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, मग १५, मग वर्षागणिक वाढत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. आणि पुढे? पुढे तक्ता संपतो. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही तिथे हात टेकले. २००८ च्या पासिंगच्या गाडीला बँक कर्ज द्यायला तयार नाही, मोठे डीलर उभी करायला तयार नाहीत. उरतात दोन माणसं, एक देणारा आणि एक घेणारा, आणि त्यांचा एकमेकांवरचा भरवसा.

बाजारवाल्याने जाताना एक सल्ला दिला, आणि तो व्यवहाराच्या दृष्टीने बावनकशी होता. सगळे मूळचे भाग परत बसवा, गाडी ‘स्टॉक’ म्हणून विका, आणि शॉकअप, रेडिएटर, हेडर, व्हील सुटे विका. सुट्याचे पैसे जास्त येतील. जगभर हेच चालतं, मूळ अवस्थेतल्या गाडीला बदललेल्या गाडीपेक्षा सहसा भाव जास्त. मी एक रात्र कागदावर आकडेमोड केली. खरंच जास्त येत होते. पण रेडिएटर काढून जुनं बसवायचं आणि मेमध्ये ती गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे माझ्याच्याने होईना. पंप विकतानाही मी गिऱ्हाइकाला विहिरीची खोली विचारतो.

सायलेन्सरचं मात्र वेगळं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असं की आरसीवरचा तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक शब्दांत निकाल दिला. गमतीचा भाग असा की गॅस किट मात्र रीतसर आरसीवर चढतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून लोक विचारत होते तोच काय तो कायदेशीर शौक! पंधरा वर्षांनी २०२३ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं, पर्यावरण कर भरला, तेव्हा मूळचा सायलेन्सर चढवला होता. विकतानाही तोच ठेवला.

याच दिवसांत मार्गशीर्षात सारंगखेड्याला गेलो होतो. तापीकाठी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. माझे मामा तिथे दरवर्षी जायचे, घोडा घ्यायचा नसला तरी. घेणारा आधी दात बघतो, त्यावरून वय काढतो. मग अंगावरचे केसांचे भोवरे, मारवाडी असेल तर आत वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना टेकतात का, मग चाल. विकणारा तोंडाने गुणगान करत असतो आणि ते कुणीही ऐकत नसतं. मामा मला म्हणायचे, जो सांगेल की हा डाव्या अंगाने बसू देत नाही, किंवा पाण्याला बुजतो, त्याच्याकडे थांबायचं. त्याने घोडा पोसलाय. बाकीच्यांनी नुसता आणलाय.

तिथून परत आल्यावर मी बिलांची फाईल बाजूला ठेवली आणि एका कागदावर गाडीची दुखणी लिहून काढली. थंडीत पहिल्या दोन-तीन किलोमीटरला दुसरा गिअर कुरकुरतो, घाई करायची नाही. कॅम कव्हरच्या कडेला तेलाचा ओलावा येतो, थेंब पडत नाही. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना खट्ट वाजतो. टपावरचा पारदर्शक थर उन्हाने सोलतोय, रंग करावा लागेल. मागच्या डाव्या दाराचं रबर कडक झालंय, पावसाळ्यात तिथून आत पाणी येतं. गावातल्या गतिरोधकावर तिरकी घालावी लागते आणि तरीही पाचपैकी एखादा घासतोच. सतरा वर्षांच्या, उन्हात वाढलेल्या कुठल्याही गाडीला अशी यादी असते. फरक इतकाच की ‘एकदम मख्खन, काही काम नाही’ म्हणणाऱ्याला ती ठाऊक नसते, कारण त्याने कधी कान दिलेला नसतो.

लिहिता लिहिता फाईलबद्दलचं माझं मतही पक्कं झालं. त्या बिलांचे पैसे गिऱ्हाइकाने द्यावेत, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता. वेळेवर बदललेल्या तेलाचं फळ मला त्या त्या वर्षी मिळालं होतं. पहाटे तोरणमाळचा सातपायरी घाट चढताना, पावसाळ्यात लळिंगच्या उतारावर समोर म्हैस आली तेव्हा ब्रेक लागताना. तो हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला होता. आता पुन्हा मागायचं म्हणजे एकाच मालाचं दोनदा बिल फाडायचं. मी आकडा खाली आणला. बाजारवाल्याच्या आकड्यापेक्षा बराच वर, माझ्या सुरुवातीच्या आकड्यापेक्षा बराच खाली.

घेणारा शिंदखेड्याकडचा निघाला. पोरगा लेथवर काम करणारा, नखांत काळं. त्याला गाडीची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती, इंजिनचा सांकेतिक क्रमांकही पाठ. बरोबर वडील, पांढरा पायजमा, टोपी, कपाशीवाले शेतकरी. पोरगा बॉनेटमध्ये डोकं घालून बसला आणि आबा माझ्या शेजारी पायरीवर. मला वाटलं आता ॲव्हरेज विचारणार. ते म्हणाले, “भाऊ, गाडीनं काय काय दुखस ते आधी सांग. पैसानं मंग देखसूत.”

मी कागद दिला. त्यांनी तो पोराला मोठ्याने वाचायला लावला. प्रत्येक ओळीला ते ‘हां’ म्हणत गेले. दाराच्या रबरावर पोरगा म्हणाला, हे मी घरीच करीन. गिअरच्या कुरकुरीवर गाडी सुरू करून बघितली, कुरकुरली. आबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. वाईट गोष्ट खरी निघाल्याचं असं समाधान मी पंपाच्या धंद्यात कधी पाहिलं नव्हतं.

मग लळिंगपर्यंत फेरी. जाताना मी चालवली, येताना तो. पहिल्यांदा इंजिन जेव्हा चार हजारांच्या पुढे गेलं तेव्हा मागून आबा म्हणाले, “बस बस, समजनं.” पोरगा हसला नाही, आरशात बघून त्याने पाय काढला आणि गाडी आपल्या वेगाला आणली. या एका गोष्टीसाठी मी अजून थोडे सोडले. बायकोच्या मते हा शुद्ध मूर्खपणा. तिला मी प्रत्युत्तर दिलं नाही, कारण घरातली कुठलीही गोष्ट विकताना भाव तिनेच केलेला बरा, हे शंभर टक्के खरं आहे.

व्यवहार दोन लाखांच्या आत बसला. त्याहून वर गेला असता तर रोखीने घेताही आला नसता. आयकर कायदा दोन लाख किंवा त्यावर रोख स्वीकारू देत नाही. तसेही त्यांनी बँकेतूनच पाठवले. कागदांच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ‘नंतर करू नावावर’ म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की गाडी कितीही हातांतून पुढे गेलेली असो, अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल. म्हणून मी स्वतः पोराला घेऊन आरटीओत गेलो, विम्यावरचं नाव बदलायला लावलं, आणि मोबाइलवर हस्तांतराचा संदेश येईपर्यंत त्याला रोज फोन करून भंडावलं. एमएच-१८ तीच राहिली, त्यामुळे एनओसीची कटकट नव्हती.

डिक्कीत काढलेला सायलेन्सर होता. तो रस्त्यावर लावला तर पोलीस पकडतील आणि ते बरोबरच असेल, हे मी दोघांच्या देखत सांगितलं. आबांनी पोराकडे पाहिलं. पोरगा म्हणाला, भिंतीला टांगून ठेवीन. ते खरं की खोटं, देव जाणे. बिलांची फाईल मी देऊ केली तेव्हा आबांनी तिचं वजन हातात तोलून पाहिलं, “इतला कागद!” म्हणाले, आणि मागच्या सीटवर टाकली.

गेल्या आठवड्यात गोदाम आवरताना सेडियाचं एक हेड गॅस्केट सापडलं. सीलबंद, कोइमतूरहून मागवलेलं, कधी लागलंच नाही. पोराला फोन केला. तो म्हणाला, आत्ता गरज नाही पण राहू द्या, पुढे मिळणार नाही. पैसे किती म्हणून विचारलं. गॅस्केटला चिकटवलेलं बिल होतं, त्यावरचा आकडा सांगितला, त्याने लगेच मोबाइलवर टाकला. मी खोकं पोत्यात शिवून शिंदखेड्याच्या एसटीत दिलं.